जीपचं क्रोम, ब्रश स्टील, पितळ आणि जिंक: खान्देशच्या उन्हापावसात काय टिकलं

आमची जुनी महिंद्राची एमएम ५४० जीप मागच्या हिवाळ्यात सगळी उघडून नव्याने बांधली. बॉनेटच्या क्लिपा, काचेच्या फ्रेमच्या बिजागऱ्या, आरशाचे दांडे, लाइटच्या रिंगा, डॅशबोर्ड, दिसणारे सगळे नट-बोल्ट, हे एकाच फिनिशमध्ये न करता मुद्दाम वेगवेगळ्या फिनिशमध्ये करून घेतलं, कारण कुठल्या जागेला काय टिकतं ते मला बघायचं होतं. आता चोपड्याचा अख्खा उन्हाळा आणि पावसाळा झालाय, गाडी रोज केळीच्या मळ्यात जाते, अधूनमधून जळगाव-धुळे असतंच.

माझं मत सरळ आहे, आपल्याकडे चकचकीत क्रोम कमीत कमी ठेवा आणि ब्रश फिनिशचं (म्हणजे बारीक रेघांचं, मंद चमकीचं) ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील जास्तीत जास्त लावा.

आधी क्रोमचं. वर जी निळसर चमक दिसते ना तो क्रोमचा थर जेमतेम अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कधी त्याहून कमी, गंजापासून खरं वाचवतं ते त्याच्या खालचं निकेल आणि ते बाहेरच्या पार्टला वीस-पंचवीस मायक्रॉन तरी पाहिजे. म्हणून प्लेटिंगवाल्याला चमकीबद्दल विचारून उपयोग नाही, निकेल किती मायक्रॉन देणार आणि त्याआधी तांबं देणार का ते विचारा. धुळ्याचे आमचे लेथवाले मिस्त्री तर पहिल्यापासून हेच सांगत होते, "भो, नुसती चमक देखीसन काय करशी, मझार काय शे ते इचार." (म्हणजे नुसती चमक बघून काय करशील, आत काय आहे ते विचार.) हेडलाइटच्या रिंगा नाशिकला तांबं-निकेल-क्रोम असे तिन्ही थर देऊन, मध्ये नीट बफिंग करून झाल्या, त्या आजही ठीक आहेत. आरशाच्या दांड्यांचं काम दुसऱ्याकडे होतं, त्याने वरवर पातळ थर मारला आणि पहिल्याच पावसात बुडाशी तांबडे ठिपके आले. क्रोमला बारीक छिद्रं असतातच, खाली निकेल पातळ असलं की पाणी थेट लोखंडापर्यंत पोचतं आणि मग वरून कितीही पॉलिश लावा काही होत नाही, सगळं उतरवून परत प्लेटिंग करावं लागतं.

ब्रश फिनिश मला एवढं का आवडलं तर आमचं बोरचं पाणी जड, गाडी धुतली आणि उन्हात थेंब वाळले की पांढरे डाग. चकचकीत क्रोमवर ते दहा फुटांवरून दिसतात, ब्रशवर जवळ जाऊन शोधावे लागतात. डाग पडलेच तर व्हिनेगरमध्ये भरपूर पाणी घालून पुसा, लगेच साध्या पाण्याने धुवा आणि कोरडं करा, आणि मुळात गाडी सावलीतच धुवा. दुसरं म्हणजे ओरखडा गेला तर रेघांच्या दिशेने स्कॉच-ब्राइट फिरवलं की तो मिसळून जातो, क्रोमला हे जमतच नाही. फक्त लोखंडी तारेचा काथ्या लावू नका, त्याचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि तेच गंजतात, मग आपण म्हणतो स्टेनलेस गंजलं. फॅब्रिकेशनवाल्याकडे शेजारी लोखंडाचं ग्राइंडिंग चालू असेल तर त्याच्या ठिणग्यांनी पण हेच होतं.

आणि हो, बाजारात २०२ हे हलक्या ग्रेडचं स्टेनलेस सुद्धा ३०४ म्हणून विकतात. लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४ असं बरेच जण समजतात पण २०२ ला पण चुंबक चिकटत नाही. टेस्टिंग लिक्विडची बाटली आणि नऊ व्होल्टची बॅटरी मिळते, थेंब टाकून तारा लावल्या की २०० सिरीजवर लाल रंग येतो. माल घ्यायच्या आधी समोर करून बघा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

डॅशबोर्डच्या रिंगा सॅटिन निकेल (मंद चमकीचं निकेल) केल्या आणि हा निर्णय मला सगळ्यात जास्त आवडलाय. एप्रिल-मे मध्ये दुपारी काच आडवी टाकून जीप चालवा म्हणजे कळेल, चकचकीत काहीही समोर असलं की ऊन सरळ डोळ्यात येतं. वायपरचे दांडे पण त्यासाठीच काळे मॅट. पकडायच्या हँडलला मात्र कुठलंही फिनिश करा, उन्हात हात भाजणारच, त्यावर चामडं गुंडाळून घेतलं.

गिअरची मूठ आणि पाय ठेवायची पट्टी ॲल्युमिनियमची, काळं एनोडायझिंग (ॲल्युमिनियमवरच विजेने तयार केलेला कडक थर). आत आहे म्हणून रंग टिकलाय. गाडी धुणारे कडक क्षारवाला फोम वापरत असतील तर त्यांना आधीच थांबवा, एनोडायझिंगचा थर क्षारात विरघळतो आणि पांढुरके चट्टे पडतात ते परत निघत नाहीत. किल्लीची पट्टी आणि हॉर्नचं बटण पितळेचं, लॅकर (वरचा पारदर्शक थर) न मारता. काळवंडतं, महिन्यातून पितांबरीने घासायचं आणि परत सोन्यासारखं. बाहेरच्या पितळेला लॅकर मारलं तर ते उन्हात सुटतं आणि मधेमधेच काळे डाग पडतात, त्यापेक्षा उघडं बरं.

आता नट-बोल्ट, इथे जीवाचा प्रश्न आहे म्हणून नीट वाचा. दिसायला छान म्हणून सस्पेन्शन-स्टिअरिंगचे बोल्ट स्टेनलेसचे टाकू नका, स्टेनलेसचा नेहमीचा ए२-७० ग्रेडचा बोल्ट ७०० मेगापास्कल ताकदीचा आणि पोलादाचा साधा ८.८ ग्रेडचा सुद्धा ८०० चा. १०.९ किंवा १२.९ या जास्त ताकदीच्या ग्रेडचे बोल्ट दुकानातून क्रोम-जिंक करून घेऊ नका, ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरतो, प्लेटिंगनंतर लगेच काही तास दोनशे अंशाच्या आसपास भट्टीत ठेवलं नाही तर बोल्ट काही न सांगता तुटू शकतो. तिथे कंपनीच्या कोटिंगचेच ठेवले. बॉडीचे दिसणारे बोल्ट स्टेनलेस, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर जिथे लागतात तिथे खाली नायलॉन वॉशर आणि अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट), नाही तर पाणी लागलं की स्टील राहतं आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. स्टेनलेसवर स्टेनलेस नट सुकं आवळलं तर आटे जाम होतात, तिथे पण अँटी-सीझ. न दिसणारे सगळे पिवळ्या जिंकचे, स्वस्त आणि पाऊस झाला तरी ठीकठाक.

राहिला पुढचा बंपर, तो अजून साध्या काळ्या पेंटमध्येच आहे आणि खडीने टवके उडालेत. तो दिवाळीआधी काढून टेक्स्चरवाल्या मॅट काळ्या पावडर कोटिंगला देणार, पॉलिस्टर पावडरच पाहिजे असं लिहून देणार, कारण इपॉक्सी उन्हात पांढरी पडते.