शुगर नाही, पण हृदयाची काळजी आहे: फास्टिंग, एचबीएवनसी की जीटीटी?

"ताई, बाबांना परवा स्टेंट टाकला. मला शुगर नाही, फास्टिंग 98 आहे. तरी म्हटलं एकदा बघून घ्यावं. नेमकी कोणती टेस्ट करू?"

नागपूरला धंतोलीत लॅबमध्ये रक्त काढायला लागून मला 21 वर्षं झाली. हा प्रश्न आता आठवड्यातून तीन-चारदा तरी येतोच. विचारणारे बहुतेक चाळिशीच्या आसपासचे, घरात नुकतंच कुणाचं तरी हृदयाचं दुखणं निघालेलं. मागे रांग असते आणि उत्तर दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून इथे सवडीने लिहिते. निदान आणि औषध डॉक्टरांनी बघायचं. टेस्ट निवडताना काय बघायचं, एवढं मी सांगू शकते.

आधी एक गैरसमज काढू. फास्टिंग म्हणजे उपाशीपोटीची शुगर 126 किंवा वर गेली की डायबेटिस, ही रेघ मुख्यतः डोळ्याच्या पडद्याला इजा कुठून सुरू होते ते पाहून ठरली. हृदयाच्या धमन्यांचा धोका त्या रेघेच्या बराच अलीकडे चढायला लागतो. स्वीडनमध्ये हार्ट अटॅक येऊन दाखल झालेल्या, डायबेटिस नसलेल्या रुग्णांची जीटीटी (ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर बघायची टेस्ट) केली आणि 2002 मध्ये निष्कर्ष छापून आले: सुमारे एक तृतीयांश लोकांना डायबेटिसच निघाला आणि आणखी एक तृतीयांश लोकांची ग्लुकोज प्यायल्यानंतरची शुगर बिघडलेली. म्हणजे "मला शुगर नाही" म्हणणाऱ्या तिघांपैकी दोघांची गडबड होती, फक्त कुणी नीट बघितलेली नव्हती.

आता एकेक टेस्ट घेऊ.

फास्टिंग सगळ्यात स्वस्त आणि सोपी. 100 च्या खाली नॉर्मल, 100 ते 125 प्रीडायबेटिस, म्हणजे डायबेटिसच्या आधीची पायरी. (जागतिक आरोग्य संघटना ही खालची मर्यादा 110 धरते, म्हणून दोन डॉक्टर एकाच 104 बद्दल वेगवेगळं बोलतात.) फास्टिंगमधून कळतं ते रात्रभर लिव्हर किती साखर सोडतं ते. जेवणानंतर शरीर साखर कशी हाताळतं, हे त्यातून कळत नाही. आपल्याकडे तर बिघाड अनेकदा जेवणानंतरच्या शुगरमध्येच आधी दिसतो.

शिवाय फास्टिंगचा नमुना फार नाजूक. रक्त काढल्यावरही ट्यूबमधल्या पेशी साखर खात राहतात, साध्या तापमानाला तासाला 5 ते 7 टक्के. राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये हे थांबवायला फ्लोराइड असतं, पण त्याला पूर्ण जोर धरायला तास-दोन तास लागतात. आता डोळ्यांसमोर आणा: मे महिना, बेसा किंवा वाठोड्याहून घरून घेतलेले नमुने, मुलगा दुचाकीवर आणखी पाच घरं करत येतोय आणि पारा 45 कडे निघालाय. 105 ची शुगर मशीनवर चढेपर्यंत सहज 95 होते आणि रिपोर्टवर नॉर्मल छापून येतं. माझ्याच धाकट्या भावाचा रिपोर्ट एका ठिकाणाहून असा आला होता. मला शंका आली म्हणून मी त्याला समोर बसवून रक्त काढलं, लगेच मशीनमध्ये फिरवून पेशी वेगळ्या केल्या, तर 109. म्हणून फास्टिंग उन्हाळ्यात करायचीच असेल तर लॅबमध्ये जाऊन द्या. घरून देणार असाल तर बर्फाचा डबा आहे का आणि नमुना किती वेळात मशीनवर चढतो, हे विचारा. विचारल्याचा कुणाला राग येता कामा नये.

एचबीएवनसी म्हणजे आपल्याकडची "तीन महिन्यांची शुगर". उपाशी राहायची गरज नाही आणि जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधला नमुना एवढ्या उन्हातही फास्टिंगसारखा चटकन बिघडत नाही. 5.7 च्या खाली नॉर्मल, 5.7 ते 6.4 प्रीडायबेटिस, 6.5 पासून डायबेटिस. हृदयाच्या बाबतीत तिची बाजू भक्कम आहे. अमेरिकेत डायबेटिस नसलेल्या 11,092 लोकांचा अनेक वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास 2010 मध्ये आला. एचबीएवनसी 5 ते 5.5 असलेल्यांच्या तुलनेत 5.5 ते 6 वाल्यांना हृदयाच्या धमन्यांच्या आजाराचा धोका सुमारे 23 टक्के जास्त आणि 6 ते 6.5 वाल्यांना 78 टक्के जास्त निघाला. बाकीच्या गोष्टी हिशेबात घेतल्यावर फास्टिंगचा संबंध मात्र फारसा उरला नाही.

एवढं चांगलं आहे तर हीच करा, असं मी पुण्या-मुंबईच्या माणसाला बिनदिक्कत सांगितलं असतं. विदर्भात थांबावं लागतं, कारण इथे सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे. एचबीएवनसी म्हणजे लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, आणि ती मोजताना पेशी साधारण 120 दिवस जगते असं गृहीत धरलेलं असतं. एसएस पॅटर्न, म्हणजे आजारच असलेल्यांची पेशी त्याच्या खूप आधी मरते, तिला साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि आकडा खोटा कमी येतो. त्यांनी या टेस्टवर विसंबूच नये. एएस म्हणजे वाहक असाल तर बरंचसं लॅबच्या पद्धतीवर अवलंबून, आणि काहींचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी दिसतो. आयर्नची कमतरता असेल तर उलटं, आकडा खोटा जास्त येतो. आयर्नच्या गोळ्या सुरू झाल्या की तोच आकडा खाली येतो आणि बाईंना वाटतं, भात सोडल्याने शुगर उतरली. म्हणून एचबीएवनसीसोबत सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी, हवंच. घरात कुणाकडे सिकलसेलचं कार्ड असेल, तर ते रक्त काढणाऱ्याला आधी दाखवा.

राहिली जीटीटी. ही टेस्ट लोक टाळतात आणि माझं मन नेमकं हिच्याकडेच झुकतं. रात्रभर उपाशी यायचं, एकदा रक्त द्यायचं, 75 ग्रॅम ग्लुकोज पाव लिटरच्या आसपास पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. 140 च्या खाली नॉर्मल, 140 ते 199 बिघडलेली, 200 पासून डायबेटिस. 2016 मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा फास्टिंग 100 ते 125 असणाऱ्यांना हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका 13 टक्के जास्त दिसला, तर दोन तासांची शुगर बिघडलेल्यांना 30 टक्के. युरोपातल्या पंचवीस हजारांवर लोकांच्या अभ्यासातही 1999 मध्ये हेच दिसलं होतं: मृत्यूचा धोका फास्टिंगपेक्षा दोन तासांच्या आकड्याने जास्त नीट ओळखता आला.

त्रास आहे, मान्य. गोड पाण्याने मळमळतं, अर्धा दिवस जातो. आणि नियम मोडले तर टेस्ट फुकट. मधल्या वेळात बसून राहायचं असतं, पण लोक सीताबर्डीवर कामं उरकून येतात. एक काका तर बाहेर जाऊन तर्री पोहे खाऊन आले होते आणि मी विचारेपर्यंत बोलले नाहीत. त्यांना दुसऱ्या दिवशी परत बोलवावं लागलं. अजून एक चूक चांगली माणसं करतात: टेस्टच्या आधी तीन दिवस भात-पोळी सोडतात. तसं केलं की शरीर अचानक आलेली साखर नीट उचलत नाही आणि आकडा उगाच वर जातो. रोजचं जेवा आणि या.

जेवणानंतरची पीपी म्हणजे जीटीटी नव्हे. एक जण दोन इडल्या खाऊन येतो, दुसरा रसाळीहून वडाभात आणि चार वाट्या आमरस घेऊन. दोघांच्या 150 चा अर्थ एक कसा असेल? डायबेटिस नसलेल्याने यावर पैसे घालू नयेत. घरच्या ग्लुकोमीटरला 15 टक्क्यांपर्यंत फरक चालतो, तेव्हा 96 की 106 हे त्याला विचारूच नका. दंडावर चिकटवायचा 14 दिवसांचा सेन्सर हल्ली निरोगी लोकही लावतात; त्याने त्यांचं हृदय वाचतं असा पुरावा नाही, आणि जेवणानंतरचा प्रत्येक चढ बघून माणूस घाबरतो मात्र.

आता शुगरच्या टेस्टच्याच विरुद्ध एक गोष्ट सांगते. वय, बीपी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू एवढं माहीत असेल तर एचबीएवनसीचा आकडा हृदयाच्या अंदाजात फार थोडी भर घालतो; 2014 मध्ये खूप मोठ्या माहितीवरून हे मांडलं गेलं. खिशात खर्र्याची (तंबाखू-सुपारीची) पुडी ठेवून जीटीटीला येणाऱ्याला मी आधी पुडीबद्दल बोलते. 52 देशांच्या अभ्यासात चघळण्याच्या तंबाखूने हार्ट अटॅकचा धोका दुपटीच्या वर गेलेला दिसला, 5.8 च्या एचबीएवनसीपेक्षा कितीतरी जास्त. वडिलांना कमी वयात ब्लॉकेज निघाले असतील तर लिपिड प्रोफाइलसोबत (कोलेस्टेरॉलच्या टेस्टसोबत) आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए हा कोलेस्टेरॉल वाहणारा कण मोजून घ्या, तो आई-वडिलांकडूनच आलेला असतो आणि खाण्यापिण्याने फारसं बदलत नाही.

पैसे आणि वेळ बेताचा असेल, घरात सिकलसेल नसेल आणि हिमोग्लोबिन चांगलं असेल, तर एचबीएवनसी, सीबीसी, लिपिड आणि बीपी. एवढं पुरे. सिकलसेल किंवा रक्त कमी असेल तर सरळ जीटीटी. वडील किंवा आईला हृदयाचं दुखणं असेल आणि पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर किंवा बाईची 80 च्या पुढे असेल, तर फास्टिंग 98 असली तरी जीटीटी. वजन बघून फसू नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा फोटो 2004 मध्ये छापून आला होता: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, 22.3, पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपली सडपातळ माणसं अशी असतात.

आकडा वर आला तर लगेच गोळी मागू नका. बिघडलेली शुगर नुसती औषधाने उतरवून हार्ट अटॅक कमी होतात, हे मोठ्या चाचण्यांत ठामपणे दिसलेलं नाही. चालण्या-खाण्यातल्या बदलाचा फायदा दिसला तो चीनमधल्या डाचिंगमध्ये. 1986 मध्ये तिथे जीटीटी बिघडलेल्यांना सहा वर्षं आहार-व्यायामाकडे वळवलं, आणि 30 वर्षांनी त्यांच्यात हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना 26 टक्क्यांनी कमी निघाल्या. अमेरिकेतल्या अशाच प्रयोगात डायबेटिस कमी झाला, पण 21 वर्षांनंतरही हृदयाच्या मोठ्या घटनांत फरक दिसला नाही. मला डाचिंगवर विश्वास ठेवावासा वाटतो, कारण तिथली माणसं अंगाने आपल्याच जवळची आणि काळही लांबचा पाहिला गेला.

सुरुवातीला विचारणाऱ्या त्या भाऊंची कंबर आम्ही टेपने मोजली: 96. वजन 66 किलो. जीटीटीत दोन तासांची शुगर 168 आली, एचबीएवनसी 5.6. डॉक्टरांनी लिपिडही बघितलं, संध्याकाळी अंबाझरीला चालायला लावलं आणि सहा महिन्यांनी परत जीटीटी सांगितली. मंगळवारी ते बहिणीला घेऊन येणार आहेत. तिचं हिमोग्लोबिन 9 आहे, म्हणून तिला मी उपाशीपोटी यायला सांगितलंय.