ट्रेकसाठी पाण्याचा फिल्टर घेताय? ओला करून फुंकून बघा

दिवाळीनंतर आम्ही पाच जण साल्हेरला गेलो होतो. त्यात माझा चौदा वर्षांचा भाचा होता. त्याच्या ब्लॅडरमध्ये, म्हणजे सॅकमध्ये ठेवून नळीने प्यायच्या पाण्याच्या पिशवीत, पाणी मीच भरून दिलं, म्हणून हे लिहिणं मला भाग आहे.

फिल्टर घेतला नाशकातल्याच एका ट्रेकिंग सामानाच्या दुकानात. खोक्यावर नावाजलेल्या परदेशी कंपनीचं नाव, ०.१ मायक्रॉनचा छापा (म्हणजे छिद्रं मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी), सोबत बॅकफ्लशची, म्हणजे उलट्या बाजूने पाणी मारून फिल्टर धुवायची, सिरिंज. किंमत अठराशे. नेहमीच्या किमतीच्या जवळपास निम्मी. "सर, इम्पोर्टरकडून थेट आणतो, म्हणून परवडतं," असं दुकानदार म्हणाला. पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वेगळा लागेल म्हणाला. मी कच्च्या पावतीवर गप्प बसलो. तिथेच थांबायला हवं होतं.

मला पटवलं ते त्याच्या प्रात्यक्षिकाने. कुंडीतली माती पाण्यात कालवली, पिशवी खिळ्याला टांगली आणि खाली फिल्टरमधून नळी थेट ब्लॅडरच्या पाइपला जोडली. म्हणजे ब्लॅडर सॅकमधून बाहेर काढायलाच नको. दोन मिनिटांत दोन लिटर नितळ पाणी उतरलं, आणि त्यातलं तो स्वतः प्यायला. त्या वेगाचं मला कौतुक वाटलं. पण वेगावरून किंवा नितळपणावरून फिल्टर जंतू अडवतो का, ते कळत नाही.

वाघांब्याहून साल्हेर-सालोट्याच्या खिंडीतून वर चढलो. १,५६७ मीटरचा गड, ऊन कडक, पोहोचेपर्यंत सगळ्यांचे ब्लॅडर कोरडे. मुक्काम गुहेत होता. गंगासागर तलावाचं पाणी त्याच पद्धतीने भरलं आणि दोन दिवस निर्धास्त प्यायलो. चूल पेटलेली होती, पातेलं होतं, पण पाणी उकळावं असं एकालाही वाटलं नाही. फिल्टर होता ना!

दहा-बारा दिवसांनी भाच्याचा फोन आला, "मामा, तुझं पण पोट बिघडलंय का?" बिघडलं होतं. पाचातल्या चौघांचं. त्याच्या तपासणीत जिआर्डिया निघाला, दूषित पाण्यातून आतड्यात जाणारा परजीवी. शाळा दोन आठवडे बुडाली, पोर सुकून गेलं.

जिआर्डियाची पुटी, म्हणजे पाण्यात टिकणारं त्याचं कवचातलं रूप, आठ-दहा मायक्रॉनची असते. ०.१ मायक्रॉनच्या छिद्रातून ती जाणं शक्यच नाही. म्हणून फिल्टर करवतीने कापला. खऱ्यात पांढऱ्या पोकळ तंतूंचा गच्च जुडगा असतो, एका टोकाला चिकटवून बंद केलेला. यात स्पंजच्या दोन चकत्या, थोडा कापूस आणि कोळशाचे दाणे. माती अडवायला तेवढं पुरतं. जंतूंना नाही.

कापायच्या आधी करता आली असती अशी एक चाचणी नंतर एका जाणत्या गिर्यारोहकाने सांगितली. फिल्टर भरपूर पाणी काढून पूर्ण ओला करायचा, मग स्वच्छ पाण्याच्या टोकाने तोंडाने फुंकायचं. तंतू ओले आणि शाबूत असतील तर हवा जात नाही. सहज गेली तर आत तंतूच नाहीत किंवा ते फाटलेत. कोरड्या फिल्टरमधून हवा जातेच, म्हणून ओला करणं महत्त्वाचं. खरा फिल्टरसुद्धा गोठला तर तंतू आतून फाटतात, तेव्हा हिमालयातून आणलेल्या जुन्या फिल्टरलाही हे करून बघा. आणि ०.१ मायक्रॉनचा अस्सल फिल्टरही विषाणू अडवत नाही. वस्तीजवळचं पाणी असेल तर क्लोरीनची गोळी टाका किंवा उकळा.

दुकानदार म्हणाला, "तुम्ही बॅकफ्लश केलं नसेल. आणि कापलेला माल परत कसा घेऊ?" पहिलं खोटं होतं, दुसऱ्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कापताना व्हिडिओ काढला नाही, खोकं टाकून दिलं होतं. तुम्ही हे करू नका. खोकं, पावती, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि फिल्टर उघडायच्या आधी तक्रार करा.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. कापलेले दोन तुकडे, कच्ची पावती आणि भाच्याचा रिपोर्ट एका पिशवीत ठेवलेत. पाचही जणांचे ब्लॅडर आणि पाइप टाकून दिले. मागच्या रविवारी त्याच दुकानासमोरून गेलो, तर पिशवी खिळ्याला टांगलेलीच होती आणि कॉलेजची तीन मुलं समोर उभी राहून बघत होती. मी आत जाऊन त्यांना बाहेर बोलावलं.