असई टेबलावर मांडायची तर: २८ मिलिमीटर की ६ मिलिमीटर?

एकोणिसाव्या शतकातली, त्यातही आपल्या मुलखातली लढाई मिनिएचरवर, म्हणजे टेबलावर मांडलेल्या छोट्या रंगीत शिपायांनी, खेळायची म्हटलं की शिंदे आणि इंग्रज यांच्यातली २३ सप्टेंबर १८०३ ची असई आठवतेच. नियमांचं पुस्तक कोणतं घ्यावं यावर खेळणारे तासन्‌तास बोलतात. मी म्हणेन, आधी शिपायांचा आकार, म्हणजे त्यांची उंची ठरवा. पुढचा खर्च, रंगवायला लागणारा वेळ आणि घरातली जागा त्यावरच ठरते. मी ही लढाई दोन्ही आकारांत खेळलो आहे.

२८ मिलिमीटरचं सुख खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. शिंद्यांच्या तोफेवरच्या गोलंदाजाच्या चेहऱ्यावर सावली देता येते, पगडीच्या घड्या दिसतात, इंग्रजांकडच्या ७८ व्या हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीच्या कोटाची पिवळसर कॉलर वेगळी ओळखू येते. इंग्रज फळी तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून पुन्हा मारा सुरू केला, हा असईतला विलक्षण क्षण. तो या आकारात मांडला की पाहणारा जागीच थांबतो. ६ मिलिमीटरमध्ये तिथे एक खूण ठेवून काम भागवावं लागतं.

तरीही मी २८ मिलिमीटर सोडलं, ते जागेमुळे. हिशोब साधा आहे. चोवीस शिपायांची पलटण दोन रांगांत उभी केली आणि माणशी १५ मिलिमीटर धरले, तर एका पलटणीला १८ सेंटिमीटर लागतात. दहा पलटणी म्हणजे १८० सेंटिमीटर. नेहमीचं सहा बाय चार फुटांचं टेबल या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलं! तोफा, घोडदळ अजून डब्यातच आहेत, आणि बगल, म्हणजे फळीच्या टोकाला वळसा घालायची मोकळी बाजू, उरलेलीच नाही.

असईत तर बगल हेच सगळं आहे. मराठी फौज केळना नदीमागे दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसतात, तेव्हा मधे नदी पायी ओलांडण्याजोगा उतार असणारच, असा अंदाज बांधून इंग्रज सेनापती वेलस्ली पूर्वेकडून नदी उतरला आणि डाव्या बगलेवर आला. पुढची कामगिरी शिंद्यांच्या नोकरीतला युरोपीय सेनानी पोहलमन याच्या कवायती, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या, पलटणींची. त्यांनी अख्खी फळी तोफांसकट जवळजवळ काटकोनात फिरवली आणि केळना व जुई यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, उजवा हात केळनेवर, डावा असई गावावर टेकवून ती नव्याने उभी केली. वेलस्लीला ही अपेक्षा नव्हती. शिंद्यांच्या बाजूने त्या दिवशी झालेली सर्वांत देखणी हालचाल हीच, असं मला मनापासून वाटतं. २८ मिलिमीटरमध्ये तिला टेबलावर जागाच मिळत नाही. फळी आधीच फिरवून ठेवायची आणि मग खेळ सुरू करायचा. म्हणजे शिंद्यांच्या बाजूने खेळणाऱ्याच्या वाट्याला उभं राहून मार खाणं उरतं. कवायती पलटणींवर हा अन्याय आहे, आणि प्रत्येक डावात तो मला खटकत राहिला.

६ मिलिमीटरमध्ये पलटणीचा बेस, म्हणजे शिपाई चिकटवायची पट्टी, ६ सेंटिमीटर रुंद ठेवला की त्याच दहा पलटणी ६० सेंटिमीटरमध्ये बसतात, टेबलाचा एक तृतीयांश भाग. दोन्ही नद्या येतात, उतार येतो, फळी वळवायला मैदान मिळतं. उजवीकडच्या इंग्रज तुकड्या आणि ७४ वी हायलँडर्स पलटण वाट चुकून असई गावाच्या अंगावर गेल्या आणि कापल्या गेल्या. उरलेल्या फळीपासून त्या किती दूर गेल्या, हे टेबलावर चक्क दिसतं, कारण मधली मोकळी जमीन दिसते.

अडचणी इथेही आहेत. तीन फुटांवरून कंपनीचा शिपाई कोणता आणि शिंद्यांचा कोणता, हे पटकन कळत नाही. चेहरे रंगवण्याची हौस भागत नाही; इथे पट्टे, पगड्या आणि कोटाचा रंग यांवरच सगळी मदार. ज्यांना रंगकामासाठीच हा छंद हवा आहे, त्यांनी माझं ऐकू नये. त्यांनी २८ मिलिमीटरच घ्यावं आणि असई गावाजवळची ७४ व्या पलटणीची झुंज तेवढी मांडावी. ती लहान टेबलावर नीट बसते आणि फार चांगली रंगते.

पण पूर्ण लढाई हवी असेल, दोन्ही बाजूंना निर्णय घ्यायला वाव हवा असेल, तर मी ६ मिलिमीटरकडे झुकतो. सुरुवात शिंद्यांच्या पायदळापासून आणि तोफखान्यापासून करा, घोडदळ नंतर घेतलं तरी चालतं, त्या दिवशी त्याने फारसं काही केलंही नाही. झेंडे मात्र प्रमाणापेक्षा थोडे मोठे छापा, म्हणजे पलटणी दुरून ओळखता येतील.