रेनबोफिशची अंडी: लोकरीचा मॉप की जावा मॉस?

बोसमानी जातीच्या रेनबोफिशचा नर सकाळच्या उजेडात कपाळावरचा पट्टा चमकवत मादीभोवती घिरट्या घालू लागला, की आपली धावपळ सुरू होते. अंडी घालायला टँकमध्ये काय सोडायचं, मॉस (पाण्यात वाढणारं शेवाळासारखं बारीक झाड) की मॉप (लोकरीच्या धाग्यांचा जुडगा)? रेनबोफिश एकदाच ढीगभर अंडी टाकून मोकळे होत नाहीत, रोज थोडी थोडी घालत राहतात. त्यामुळे जे निवडाल त्याच्याशी रोजचा संबंध येतो. मी आधी दीडेक वर्ष मॉस वापरलं, आता मॉप वापरतो.

मॉसची बाजू लंगडी नाही. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा माझे प्रेकॉक्स (रेनबोफिशचीच एक लहान जात) बहुतेक वेळा मॉसमध्येच शिरले. शिवाय नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाचं तोंड इतकं बारीक असतं की ताजं आर्टेमियासुद्धा (खाऱ्या पाण्यातले चिमुकले जीव, पिल्लांचं नेहमीचं खाणं) त्याला झेपत नाही. जुन्या, मुरलेल्या मॉसमध्ये इन्फ्युसोरिया, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे सूक्ष्म जीव, आयतेच असतात, त्यावर पहिले काही दिवस निघून जातात. मॉपवाल्याला इन्फ्युसोरियाची बाटली किंवा व्हिनेगर ईल (व्हिनेगरमध्ये वाढणारे बारीक कृमी) आधीपासून तयार ठेवावे लागतात. ही कटकट खरी आहे.

पण माझं घोडं अडलं ते हायड्रापाशी, म्हणजे काचेला चिकटून बारीक जीव दंश करून खाणाऱ्या धाग्यासारख्या प्राण्यापाशी.

मॉस कितीही धुतलं तरी त्यात काय लपून येईल सांगता येत नाही. गोगलगायी निदान दिसतात तरी. हायड्रा दिसला तेव्हा मी पिल्लांना आर्टेमिया सुरू करून आठवडा झाला होता. सकाळ-संध्याकाळ पिल्लांसाठी म्हणून जे टाकत होतो, त्यावर हायड्राच पोसले जात होते. काच पांढुरक्या धाग्यांनी भरली आणि पृष्ठभागालगत तरंगणारी पिल्लं रोज कमी दिसू लागली. औषधाने हायड्रा जातो, पण इवल्या पिल्लांच्या टँकमध्ये औषध टाकायला माझा हात धजावला नाही. शेवटी मोजकीच पिल्लं उरली.

मॉप उकळता येतो, मॉस उकळता येत नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

मॉपचा दुसरा फायदा वापरायला लागल्यावर कळला: अंडी दिसतात. जेमतेम मिलिमीटरभर, काचेसारखी, बारीक तंतूने धाग्याला चिकटलेली. कवच टणक असतं, चिमटीत धरून सहज सुटतात. पांढरी पडलेली टाकून द्यायची, बाकीची तारखेप्रमाणे वेगळी ठेवायची. २५-२६ अंशांना साधारण आठवडा-दहा दिवसांत पिल्लं निघतात आणि एका वयाची एकत्र राहतात. मॉसमध्ये आजचं पिल्लू आणि तीन आठवड्यांचं दांडगं भावंड एकाच ताटात, त्यात धाकटं उपाशी राहतं.

मॉपसाठी लोकर अ‍ॅक्रिलिकचीच घ्या, सुती दोरा कुजतो. गडद हिरवी असेल तर रंग सुटणं थांबेपर्यंत उकळा. आणि टँकमध्ये मेलानोटेनियाच्या (बोसमानी, प्रेकॉक्स ज्या कुळातले त्या) दोन जाती एकत्र असतील तर मॉप-मॉस दोन्हींचा नाद सोडा. त्यांचा संकर सहज होतो आणि अंड्यावरून बाप कळत नाही.

मोठ्या माशांच्या टँकमध्येच चार-दोन पिल्लं जगली तरी पुरे, असं असेल तर मॉसच बरं, त्यात मेहनत जवळजवळ नाही. माझ्याही मोठ्या टँकच्या कोपऱ्यात ते अजून आहे. पिल्लांच्या टँकमध्ये मात्र त्याची काडीही जाऊ देत नाही.