गाडीसाठी फवारणी पंप : आठ महिने वापरल्यानंतर

गाडी धुवायला हाताने हवा भरायचा दोन लिटरचा फवारणी पंप आणला, तेव्हा अण्णा हसले. "का रे, गाडीवर तेल्या पडला काय?" तेल्या म्हणजे डाळिंबावरचा रोग, आणि सांगोल्याकडे डाळिंबावर फवारण्या मारण्यात त्यांची उभी हयात गेली. पंप या विषयात त्यांच्यापुढे बोलायची सोय नाही, आणि पुढे दोनदा ते खरं ठरलं.

मी घेतला तो बोटांसाठी. साध्या स्प्रे बाटलीने चार चाकं आणि दारांचा खालचा भाग भिजवायचा तर ट्रिगर दाबून दाबून बोटं भरून येतात. वर चौथ्या चाकाला पोचेस्तोवर पहिल्यावरचं केमिकल वाळायला लागतं. पंपाला वीस-पंचवीस दट्टे मारले की एकसारखा फवारा, आणि अख्खी गाडी दोन मिनिटांत ओली. मात्र पंपाच्या जोराने चिखल निघेल असं समजू नका. हा प्रेशर वॉशर नव्हे. काम केमिकल करतं, पंप फक्त ते सारखं पसरवतो.

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात, पाइप लावायला बंदी. म्हणून मी बहुतेक वेळा रिन्सलेस वॉशच वापरतो, म्हणजे पुसल्यावर पुन्हा पाण्याने धुवावं न लागणारं केमिकल. त्याचं प्रमाण 1 : 256, म्हणजे दीड लिटर पाण्याला जेमतेम 6 मिली. इंजेक्शनची सिरिंज घ्या, टोपणाने अंदाज चुकतोच. आधी पंपाने सगळी गाडी भिजवायची, धूळ मऊ होऊ द्यायची, मग कपडा लावायचा. कोरड्या धुळीवर फडकं फिरवून पडणारे बारीक गोल ओरखडे तेव्हापासून जाणवण्याइतके कमी झालेत. पाणी बोअरचं असेल तर सावलीतच करा, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके घासत बसाल.

दोन लिटरच्या टाकीत मी दीडच लिटर का भरतो? पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. दीड लिटर भरलं की वर अर्धा लिटर हवा उरते. अर्धा लिटर फवारून झालं की तीच हवा दुप्पट जागेत पसरते, फवारा मरगळतो आणि पुन्हा दट्टे मारावे लागतात. एक लिटरच भरलं तर दाब बराच जास्त टिकतो. गळ्यापर्यंत भरणाऱ्याच्या नशिबी नुसता पंप मारणं.

आता रडगाणं. पहिला पंप नर्सरीतून साडेतीनशेला घेतलेला. तिसऱ्या महिन्यात डांबराचे डाग काढायला त्यात टार रिमूव्हर भरला. पुढच्या रविवारी दट्ट्या वर येईना. खोलून पाहिलं तर आतली रबरी रिंग भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगलेली. पंपाचा जीव त्या वायसरात असतो हे तेव्हा कळलं. दुसरा पंप त्याच्या कितीतरी पट महाग, पण खोक्यावर सीलचं रबर लिहिलेलं होतं : ईपीडीएम. हे रबर अल्कलीला, म्हणजे एपीसी (सर्वकामी क्लीनर) आणि प्रीवॉशला (धुण्याआधी मारायचं केमिकल) चांगलं टिकतं, पण पेट्रोलियमपुढे टिकत नाही. टार रिमूव्हरसारख्या सॉल्व्हेंटसाठी व्हिटॉन नावाच्या वेगळ्या रबराचं सील लागतं. एवढं वाचूनही दट्ट्या सुळसुळीत चालावा म्हणून मी त्याच रिंगेला पेट्रोलियम जेली चोपडली. पुन्हा तीच गत! नवीन रिंग मागवली, आता फक्त सिलिकॉन ग्रीस लावतो. टार रिमूव्हर साध्या बाटलीतच राहतो.

चाकांसाठी आयर्न रिमूव्हर भरतो तेव्हा मास्क लावतो. ब्रेकच्या लोखंडी कणांना लागून तो जांभळा ओघळ सुटतो ते बघायला मजा येते, पण वास सडक्या अंड्याचा, आणि बारीक धुकं सरळ नाकात जातं. नोझल थोडं उघडून थेंब जाड ठेवले की त्रास कमी.

काम झालं की दाब सोडून टाकी रिकामी करतो. दाब भरलेला पंप उन्हात तापलेल्या डिकीत ठेवायचा नाही. मग साधं पाणी भरून तीनदा खळबळून, दर वेळी थोडं नोझलमधूनही मारायचं. ही अण्णांची शिस्त, औषधाच्या पंपाची. मी दोन आठवडे टाळाटाळ केली आणि नोझल चोंदलं. टाचणी घालणार तेवढ्यात त्यांनी हात धरला, "भोक वाकडं झालं की फवारा कायमचा वाकडा." कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून नोझल भिजवलं आणि जुन्या टूथब्रशने साफ केलं.

घ्यायचा असेल तर रिंगा सुट्या मिळतात का, ते आधी विचारा. कोपऱ्यात पाइप आणि प्रेशर वॉशर असेल तर माझ्या मते फक्त चाकांसाठी एवढा खर्च करू नका.

परवा अण्णांनी बाल्कनीतल्या जास्वंदीवर निंबोळी अर्क मारायला पंप मागितला. गाडीचा देऊ केला तर म्हणाले, "औषधाचा पंप वेगळा ठेवावा, एवढंही कळत नाही?" साडेतीनशेचा आणखी एक आणला.