हाताने घडवलेल्या रॅम्पसोबत आठ महिने: लाकडाला नऊ गुण, टेपला भोपळा

गेल्या आठवड्यात भर कार्यक्रमात माझ्या बेस गिटारचा रॅम्प, म्हणजे तारांखाली चिकटवलेला लाकडी ठोकळा, सुटला. सरळ निखळून पडला असता तर उचलून खिशात घातला असता आणि विषय मिटला असता. पण तो जी (G) तारेच्या, म्हणजे सगळ्यांत बारीक तारेच्या बाजूने वर उचलला गेला, खालून तारेला टेकला, आणि माझी ती तार पत्र्याचा डबा वाजवल्यासारखी बोलू लागली. ड्रमरने दोनदा वळून बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा मी अंगठ्याने रॅम्प दाबून धरला होता आणि एकट्या तर्जनीने ई आणि ए या जाड तारांवर रूट, म्हणजे मूळ स्वर, तेवढे वाजवत होतो. जेम्स जेमरसन या बेसवाल्याने मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये उजव्या हाताच्या एका तर्जनीने इतिहास घडवला, त्या बोटाला लोक 'हुक' म्हणत. माझ्या बोटाला त्या रात्री बँडमधले काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हा अनुभव लिहायला घेतलाय तो त्या रागात. पण पूर्ण वाचा, कारण मध्ये माझं मत दोनदा बदललंय.

रॅम्प म्हणजे काय हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच. दोन पिकअपच्या (तारांची थरथर टिपणाऱ्या चुंबकी पट्ट्यांच्या) मध्ये, तारांच्या खाली बसवलेला लाकडाचा ठोकळा, वरून तारांच्या कमानीसारखा गोलवा दिलेला. बोट तारेच्या खाली फार खोल जाऊ नये म्हणून. गॅरी विलिस या बेसवादकामुळे हा प्रकार बेसवाल्यांच्या तोंडी झाला, आयबानेझ कंपनीच्या त्याच्या नावाच्या फ्रेटलेस (मानेवर फ्रेट्स, म्हणजे धातूच्या पट्ट्या, नसलेल्या) बेसवर तो कारखान्यातूनच बसवून येतो. अँप (अँप्लिफायर) मोठा ठेवा, हात हलका ठेवा, हे त्याचं सांगणं. माझा हात हलका नाही. मी तारा वाजवत नाही, उपटतो, असं माझ्या पहिल्या शिक्षकांनी सांगितलं होतं आणि मी ते कौतुक समजलो होतो.

विकत घेण्याआधी घरी बनवून बघितला, कारण सवयच तशी आहे. मुदत संपलेली प्लास्टिकची कार्डं एकावर एक चिकटवली, कडा घासल्या, तारांखाली सरकवली. दिसायला भयाण, पण आठवडाभरात पटलं की गोष्ट कामाची आहे. मग हाताने सुटे भाग घडवणाऱ्या एका कारागिराला गाठलं. नाव देत नाही, का ते पुढे कळेल.

त्याने कागदी साचा मागितला. मी लिहिलं, जॅझ बेस आहे, मापं सगळ्यांना माहीत आहेत. त्याचं उत्तर आलं: "तुमच्या बेसवर कागद ठेवून पेन्सिल फिरवा." तेव्हा वैताग आला, पण त्याचं बरोबर होतं. १९६० साली आलेल्या फेंडर कंपनीच्या जॅझ बेसवर ब्रिज पिकअप (तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजजवळचा पिकअप) जिथे होता, तिथून तो सत्तरच्या दशकात ब्रिजकडे साधारण १० मिमी सरकला. आज बाजारात दोन्ही अंतरांचे बेस मिळतात आणि सगळ्यांना लोक जॅझ बेसच म्हणतात. नावावरून ठोकळा कापला असता तर एकतर बसला नसता, नाहीतर बाजूला करंगळी जाईल एवढी फट राहिली असती.

पाकीट आलं त्या दिवशी मात्र मी खूश. शिसवीचा तुकडा, माझ्या फिंगरबोर्डाच्या रंगाशी जुळवून निवडलेला. वरून वॉर्निश नाही, फक्त तेल. कडा अशा घासलेल्या की नख फिरवलं तर कुठे कडा संपते आणि गोलवा सुरू होतो ते कळत नाही. दोन्ही पिकअपच्या मध्ये ठेवला तर दोन्हीकडे पोस्टकार्ड जाईल एवढीच फट. एवढं बिनचूक काम मी माझ्या बेसवर याआधी पाहिलं नव्हतं, बेस धरून.

आणि त्याच पाकिटात टेप. फोमची, पांढरी, दोन्ही बाजूंनी चिकटणारी, भिंतीवर हुक लावायला वापरतात तशी. काही आठवडे हातात घेऊन घासलेलं लाकूड आणि ते धरून ठेवायला ही टेप! जरीची पैठणी सेफ्टी पिनांवर नेसल्यासारखं. मला ते पहिल्या दिवसापासून खटकलं आणि आज आठ महिन्यांनीही रॅम्प म्हटलं की आधी ती टेपच आठवते.

पहिला महिना वाईट गेला. बोट तार सोडून खाली येतं आणि लाकडावर आपटतं: टक. प्रत्येक स्वरामागे टक. अँप बंद ठेवून सराव केला की तारेपेक्षा टकच जास्त ऐकू यायचं. अँपमधून ती टकटक अगदी थोडी येते, पण येते. मी ठरवून टाकलं की रॅम्पने आवाज बिघडतो. चौथ्या आठवड्यात रेकॉर्डिंग ऐकताना लक्षात आलं की टक फक्त मी तार ओढतो तिथेच आहे. हळू भागात नाही. म्हणजे ठोकळा माझ्या हाताची तक्रार मला ऐकवत होता. हे कळल्यावरही राग गेला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला.

तिसऱ्या महिन्यात खरं भांडण झालं. जी तार रॅम्पच्या जास्तच जवळ आली असं वाटू लागलं. व्हर्नियर लावला: आधी मोजून ठेवलेल्या अंतरापेक्षा जवळजवळ पाऊण मिमी कमी. बेसवाल्याला पाऊण मिमी म्हणजे काय ते सांगायला नको. मी कारागिराला लिहिलं की तुमचं लाकूड फुगलंय, नीट वाळवलेलं नव्हतं, बदलून द्या. तीन दिवस उत्तर नाही. मग दोन ओळी: "रॅम्प काढून काचेवर ठेवा. डुगडुगतो का बघा. ठोकळ्याची उंची मोजा."

काढला. काचेवर ठेवला. ठार सपाट. उंची चारही कोपऱ्यांवर आली तेव्हा होती तेवढीच. मग उरलं काय? ब्रिज. माझ्या बेसवर जुन्या पद्धतीचा वाकवलेल्या पत्र्याचा ब्रिज आहे, प्रत्येक सॅडल (तार जिच्यावर टेकते ती बैठक) दोन बारीक, बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूंवर उभं. हे स्क्रू वाजवण्याच्या थरथरीने स्वतःहून फिरतात आणि सॅडल हळूहळू खाली बसतं. माझ्या जी सॅडलचा एक स्क्रू पार खाली गेला होता आणि सॅडल लंगड्या स्टुलासारखं कललेलं. रॅम्प ब्रिजच्या जवळ असतो, त्यामुळे सॅडल जेवढं खाली गेलं जवळपास तेवढीच तार रॅम्पवर खाली आली. वरच्या फ्रेट्सवर जी तार मध्येच खरखरायची तेही यानेच, आणि त्याचा दोष मी इतके दिवस फ्रेट्सना देत होतो.

ॲलन कीने सॅडल सरळ केलं आणि स्क्रूच्या तोंडाशी घरातल्या नेलपॉलिशचा एक थेंब सोडला. तेव्हापासून हललेलं नाही. स्क्रू लालभडक दिसतात, चालायचंच. कारागिराला मी काचेवरच्या रॅम्पचा फोटो पाठवला, खाली एवढंच लिहिलं की "आता ठीक आहे." माफी मागायला हवी होती हे मान्य, पण तीन दिवस उत्तर न देणाऱ्याने थोडं सोसावं.

मापांचं निघालंच आहे तर एक गोष्ट सांगतो, जी मला आधी कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं. माझा तारांचा संच ४५ ते १०५ चा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत). म्हणजे ई तार २.६७ मिमी जाड आणि जी तार १.१४ मिमी. दोन्हींमध्ये दीड मिमीचा फरक. तारांच्या वरच्या बाजूने कमान धरून रॅम्प बनवला तर बोटाला सगळीकडे सारखी खोली लागते, पण ई तारेखालची फट अरुंद होते आणि जोरात वाजवलं की तार लाकडाला थडकते. खालच्या बाजूने कमान धरली तर फट सारखी राहते पण जी तारेवर बोटाला ठोकळा वर आल्यासारखा वाटतो. माझ्या कारागिराने मधला मार्ग काढला, ई कडे थोडा उतार दिला. पट्टी लावून बघणाऱ्याला वाटतं कामात चूक झाली. मलाही वाटलं होतं. वाजवताना मात्र तो उतार जाणवतसुद्धा नाही.

आणखी एक: रॅम्प बसला की पिकअपच्या उंचीच्या स्क्रूंना हात लावायचा नाही. पिकअप जरा वर घेतला की ठोकळ्याशेजारी पायरी तयार होते आणि बोट दर वेळी तिथे ठेचकाळतं. मी ब्रिज पिकअप अर्धा फेरा वर घेऊन बघितला. दुसऱ्या दिवशी परत खाली.

चौथ्यापासून सातव्या महिन्यापर्यंत लिहिण्यासारखं काही घडलं नाही, आणि हीच त्या लाकडाची स्तुती समजा. तेल दोनदा लावलं. घामाने मधला भाग काळपट झालाय, छान दिसतो. तिसरं बोट वापरायला लागलो, कारण आता तिन्ही बोटांना खाली एकाच उंचीची जमीन मिळते. अंगठा कुठेही टेकवता येतो. गंमत म्हणजे फेंडरचे सुरुवातीचे बेस अंगठ्याने वाजवतील या हिशोबाने बोटं टेकायची पट्टी जी तारेच्या खालच्या बाजूला लावून यायचे. लोक बोटांनी वाजवत राहिले आणि शेवटी सत्तरच्या दशकात ती पट्टी ई तारेच्या बाजूला आली. वीसेक वर्षं कंपनीने हात एकीकडे धरला आणि माणसांनी दुसरीकडे ठेवला. माझा अंगठाही कारागिराला अपेक्षित होता तिथे, म्हणजे रॅम्पच्या मध्यावर, कधी टेकलाच नाही. तो ई तारेच्या पलीकडे, रॅम्पच्या अगदी काठावर विसावतो. हे लक्षात ठेवा.

तर कार्यक्रमानंतर मी घरी येऊन टेपवर निबंध लिहिला. कारागिराला पाठवला. शिसवीला टेप लावणं हा अपमान आहे, दिव्यांच्या उष्णतेत गोंद सैल पडतो, स्क्रूने बसवायची सोय का नाही वगैरे वगैरे. खरं तर स्क्रूची सोय तो सुरुवातीलाच देत होता. मीच नको म्हणालो होतो, कारण बेसच्या अंगात भोकं पाडली की उद्या विकायला काढताना घेणारा आधी ती भोकं मोजतो.

निबंध पाठवल्यावर रॅम्प उलटा करून शांतपणे बघितला. फोमच्या दोन पट्ट्या, दोन्ही मध्यभागी, कडेपासून चांगल्या आत. माझा अंगठा ई कडच्या काठावर, तिथे खाली आधार काहीच नाही. रोज दोन तास तो काठ दाबला जाणार आणि पलीकडचा काठ उचकटला जाणार. लहान मुलांच्या सी-सॉसारखं. आठ महिने त्या पट्ट्यांनी हे सहन केलं ही खरं तर त्या टेपची कमाल.

पट्ट्या मध्यभागी का? कारण पाकिटात टेप चार पट्ट्यांपुरती आली होती. सोबतच्या कागदावर चित्र काढून दाखवलं होतं: चारही कडांना एकेक. मला वाटलं दोन पुरतात. उरलेल्या दोन मी पुढच्या वेळेसाठी जपून ठेवल्या.

त्या ड्रॉवरमध्ये सापडल्या, तारांच्या जुन्या संचाखाली. (जुने संचही मी फेकत नाही.) बेसवरचा जुना गोंद नॅप्थाने पुसला. माझं फिनिश (लाकडावरचा चकचकीत थर) पॉलिएस्टरचं आहे म्हणून बिनधास्त. तुमचं नायट्रोचं (नायट्रोसेल्युलोज लॅकरचं) असेल तर कुठलीही टेप लावण्याआधी दहा वेळा विचार करा, फोम आणि रबर त्या फिनिशला खातात. शिल्लक पट्ट्या कापून बारीक केल्या आणि यावेळी चारही कडांना लावल्या, चित्राप्रमाणे. आता रॅम्प असा बसलाय की सुरीशिवाय निघणार नाही.

घ्यावा का, असं विचाराल तर: स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून) वाजवणाऱ्यांनी अजिबात नको, पॉप करायला, म्हणजे तार खालून खेचून सोडायला, बोट जी तारेखाली घालता येत नाही, नुसती चिडचिड होईल. पिकने वाजवणाऱ्यांना पैसे वाया. माझ्यासारख्या उपटणाऱ्यांनी आधी कार्डं चिकटवून महिनाभर वाजवावं. टक ऐकवत नसेल तर तिथेच थांबावं, ऐकवलं तर साच्याचा कागद काढावा. मी काल रॅम्प नसलेला एक बेस हातात घेतला आणि दुसऱ्याच स्वराला बोट तारांच्या खाली तळात गेलं, जिना संपला असं समजून अजून एक पायरी असावी तसं.

निबंधाला कारागिराचं उत्तर आलंय. यावेळी तीन दिवस लागले नाहीत, तासाभरात आलं. एकच ओळ आहे: "पट्ट्या किती लावल्या होत्या?"

अजून उत्तर दिलेलं नाही.