काँक्रीटखाली गेली ती ठिबकची नळी

जमीन गरम ठेवणारी फरशी करून देतो म्हणत एकजण सध्या सीमाभागात फिरतोय, म्हणून हे लिहितोय. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या दादाचं घर बांधायचं चाललं होतं. आईचे गुडघे थंडीत धरतात हे गवंड्याकडून या माणसाला कळलं, आणि नमुन्याची नळी घेऊन हा दारात हजर.

नमुना अस्सल होता. पेक्सची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची नळी, वर आयएसओ १५८७५ हे मानक छापलेलं. अशा नळ्या काँक्रीटमध्ये १५-२० सेंटीमीटर अंतरानं वळवत अंथरतात आणि त्यांतून ३५ ते ४५ अंशांचं पाणी फिरवतात. थंड देशांत ही पद्धत रुजलेली आहे, त्यात खोटं काही नाही. खोटं पुढं सुरू झालं. चौरस फुटाला ३५० रुपये, ६०० चौरस फूट, सत्तर टक्के आगाऊ. पावतीवर जीएसटी नंबर नाही, हे वहिनी तेव्हाच बोलल्या होत्या.

कोबा पडला, वाळला. अथणीचे भावोजी आले होते, त्यांनी अंगणातलं उरलेलं वेटोळं उचललं आणि हसायलाच लागले. "अवो पावणं, ही तर आमच्या उसातली नळी!" वर स्पष्ट छापलेलं, आयएस १२७८६. हे ठिबकच्या लॅटरलचं, म्हणजे रानात अंथरायच्या नळीचं मानक. जाडी तीच, १६ मिलिमीटर. ही नळी रानातल्या गार पाण्यासाठी, कमी दाबासाठी असते. सतत गरम पाणी वाहिलं की ती मऊ पडते. फुटली तर फरशी फोडण्यावाचून इलाज नाही.

गळती तपासली म्हणून त्यानं वरच्या टाकीचं पाणी सोडून दाखवलं होतं. तीन मीटरवरच्या टाकीचा दाब जेमतेम ०.३ बार. खरी चाचणी चार ते सहा बारची, आणि काँक्रीट ओततानाही गेज लावलेलाच ठेवतात, म्हणजे कुणाचं फावडं लागलं तर काटा लगेच पडतो. खाली जाड एक्सपीएस शीट, म्हणजे ऊब अडवणारा टणक फोम हवा होता, नाहीतर बरीच ऊब मातीत जाते. त्यानं चंदेरी कागद अंथरला. चमक उष्णता परतवते ती समोर हवेची पोकळी असेल तर. काँक्रीटला चिकटलेला कागद काय परतवणार?

"सोलरवर फुकट चालतंय" ही त्याची मोठी थाप. २०० लिटरच्या टाकीतलं पाणी ६० अंशांवरून ३५ वर येईपर्यंत सहा युनिटच्या आतच ऊब देतं. एवढी जमीन उबदार ठेवायला तासाला तीनेक युनिट लागतात. म्हणजे दोन तासांत खेळ खलास.

आणि एवढा खटाटोप आपल्याकडे हवाच कशाला? बेळगावात जानेवारीत पहाटे १४ अंशांच्या आसपास असतं, दुपारी तिशीला टेकतं. चार इंची काँक्रीट तापायलाच कित्येक तास जातात. ते तापेपर्यंत ऊन वर आलेलं असतं. आईला जाड सतरंजी आणि खोलीत छोटा हीटर पुरला.

पैसे मागितले तर म्हणतो, "कोल्हापूरला येऊन काय ती केस करा." त्याची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. आम्ही बेळगावातच केली. पावती, फोटो आणि ते वेटोळं जपून ठेवलंय. परवा त्याचा निरोप आला, निम्मे घ्या आणि मिटवा. दादानं उलट निरोप धाडला, "आधी तुझी नळी उपसून ने की, मग बघूया."